कपिलावाले वासुभाऊ

वासुभाऊ ढोले फोटो काढताना कुणालाही ‘हसा’ म्हणत नसत. काळ्या फडक्याखालून डोकं बाहेर काढायचं, समोरच्या माणसाकडे नीट बघायचं आणि विचारायचं, “जेवले काय?” माणूस गडबडून ‘हो’ म्हणायचा आणि त्या ‘हो’वर वासुभाऊंचा हात चालायचा. त्या काळच्या अमरावतीतल्या कितीतरी घरांत भिंतीवर टांगलेली माणसं अशी किंचित तोंड उघडून, आत्ताच कुणी विचारपूस केल्यासारखी बघत असतात. एखादा ‘नाही’ म्हणाला की फोटो राहायचा बाजूला. वासुभाऊ आत तोंड करून वच्छलाबाईंना हाक मारायचे, “अवो, एका मानसाचं टाका!” खेड्यावरून आलेला तो बिचारा संकोचून भाकरी खायचा आणि मग पुन्हा खुर्चीवर बसायचा. त्याला परत तोच प्रश्न.

मी मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून अमरावतीला आले तेव्हा त्यांच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. गांधी चौकाकडच्या गल्लीत ‘विठ्ठल फोटो हाउस’ अशी पाटी होती. वर जायचा जिना दुकानातूनच होता. त्यामुळे शाळेला जाताना-येताना दुकानातून जावंच लागे, आणि खोलीत बसलं तरी वासुभाऊंचा आवाज फळ्यांतून वर येई. तो आवाज लहान करणं त्यांना जमत नसे. देवळात आरतीला उभे राहिले तरी शेजारचा माणूस अर्धं पाऊल सरकून उभा राही.

दुकानात कॅमेरे विकायला असत, दुरुस्तीलाही येत. कुणी कॅमेरा आणला की वासुभाऊ आधी तो कानाशी धरत, डोळे मिटत आणि खटका दाबत. वैद्यानं नाडी पाहावी तसं. मग म्हणत, “ठीक हाये,” किंवा “याले सर्दी झाली.” पुढचं काम त्यांचं नव्हे. पुढचं काम आतल्या बाजूला खिडकीशी बसलेल्या पुंडलिकराव तायड्यांचं.

पुंडलिकराव त्यांचे भागीदार. दोघं एका जुन्या स्टुडिओत उमेदवारीला होते, तिथली मैत्री. पुढे दोघांनी मिळून दुकान काढलं. वासुभाऊ काळ्या मातीच्या शेतकऱ्याच्या घरातले, पुंडलिकराव तेव्हाच्या भाषेत महार. त्या दिवसांत अशी भागीदारी अमरावतीतही नवलाची होती. वासुभाऊंना त्याचा अभिमान होता आणि अभिमान पोटात ठेवायची त्यांना सवय नव्हती. नवं गिऱ्हाईक आलं, थोडं बोलणं झालं की ते कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवत. “हा माठ पाहा. मी अन् पुंडलिक याच्यातूनच पानी पितो. आपल्याकडं तसलं काई नाई.” गिऱ्हाईक मान डोलवायचं. पुंडलिकराव खिडकीशी पेचकस फिरवत असायचे. त्यांची मान वर होत नसे. मला वाटायचं, कामात आहेत.

“बोलून टाकावं,” वासुभाऊ नेहमी म्हणत. “पोटात ठेवलं का आंबते.”

या बोलून टाकण्याचा एक प्रसंग मी जिन्यावरून पाहिला. एक निवृत्त वकीलसाहेब होते. त्यांच्या मुलानं विलायतेहून कॅमेरा पाठवला होता. लंडनच्या कुठल्याशा मोठ्या दुकानाचं नाव त्याच्यावर कोरलेलं. वकीलसाहेब तो चामड्याच्या पेटीत घालून गावभर दाखवत. एकदा ते दुकानात बसलेले असताना मिशनच्या दवाखान्यातली नर्स आपला जर्मन कॅमेरा घेऊन आली. वासुभाऊंनी दोन्ही शेजारी ठेवले, बघितले आणि त्यांना राहवेना. त्यांनी दोन्हींची मागची झाकणं काढली, याचं त्याला लावलं, त्याचं याला.

“बसते का नाई पाहा! एकाच कारखान्यातले हायेत, साहेब. लंडनच्या दुकानदारानं नुसती आपली पाटी ठोकली. मडमेचा सस्तात आला, तुमचा महागात पडला!”

नर्स हसली. वकीलसाहेबांनी आपला कॅमेरा पेटीत ठेवला, पट्टा आवळला आणि पायऱ्या उतरून गेले.

“कायले सांगतलं?” पुंडलिकराव आतून म्हणाले.

“खोटं सांगतलं का?”

“खरंच सांगतलं. पन त्यानं इचारलं होतं का? पोरानं पाठवेल व्हता तो.”

“बोलून टाकावं बे,” वासुभाऊ म्हणाले. पण त्या दिवशी माठाची गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही.

वकीलसाहेब पुन्हा दुकानात आले नाहीत.

असल्या जुळ्या कॅमेऱ्यांचा वासुभाऊंना नादच होता. बाहेरदेशी एखादा कारखाना कॅमेरे बनवतो आणि निरनिराळे दुकानदार त्यांच्यावर आपापली नावं घालून विकतात, हे त्यांना पुंडलिकरावांनीच दाखवलं होतं. कडी तीच, खटका तोच, फिरकी तीच. नाव तेवढं वेगळं. वासुभाऊंना ही गंमत इतकी आवडली की त्यांनी तिचं तत्त्वज्ञान केलं. नाव म्हणजे पाटी; आत सगळं सारखंच.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात त्यांना मुंबईहून एक मोठी लाकडी पेटी मिळाली. बाहेरून माल आणणारी एक कंपनी बंद पडली होती आणि तिचा उरलासुरला माल निघाला होता. पेटीत नवेकोरे डबा-कॅमेरे होते, गवतात गुंडाळलेले. भिंगाच्या वर दोन बारीक भोकं आणि मधली जागा रिकामी. कुणातरी दुकानदाराची पाटी तिथं बसायची होती, ती बसण्याआधीच सगळं बुडालं. बिननावाचे कॅमेरे. त्या काळात बाहेरचा कॅमेरा मिळणं मुश्कील झालं होतं, आणि इथं पेटीभर पडलेले. दोघं पोरांसारखे खूश झाले. यांना आपलंच नाव देऊ, असं ठरलं. काय नाव द्यायचं यावर रोज बोलणं व्हायचं आणि रोज हसण्यावारी जायचं.

तेवढ्यात दसरा आला. पुंडलिकराव नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन परत आले.

दुकान सकाळी तेच उघडत. दार उघडून झाडलोट करायची, विठ्ठलाच्या तसबिरीला उदबत्ती लावायची, असा वर्षानुवर्षांचा क्रम. परत आल्यावर त्यांनी दुकान उघडलं, झाडलं आणि खिडकीशी जाऊन बसले. वासुभाऊ आले, त्यांनी उदबत्तीच्या रिकाम्या घराकडे पाहिलं, स्वतः उदबत्ती लावली. कामाला लागले. मला तेव्हा बरं वाटलं होतं. वाटलं, निभावलं.

पण काही दिवसांनी पुंडलिकराव म्हणाले, “वासुदेव, आता मले पुंडलिक म्हनू नको. माहं नाव आनंद ठेवलं.”

दुकानात गिऱ्हाईकं होती. मी शाळेला निघाले होते, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होते. वासुभाऊ मोठ्यांदा हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हे आजही मी शपथेवर सांगेन. त्यांनी फळीवरचे दोन कॅमेरे उचलले.

“अबे, नाव बदलल्यानं का होते? हे पाहा. याच्यावर इंग्रजी पाटी, याच्यावर जर्मन. आत एकच! तूनंच त शिकवलं मले. पुंडलिक म्हना का आनंद म्हना, मानूस त तोच हाये न!”

गिऱ्हाईकं हसली. पुंडलिकरावांनी पेचकस खाली ठेवला. ते उठून पुढे आले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, म्हणून सगळे गप्प झाले.

“मी कॅमेरा व्हय का, वासुदेव?”

“अबे, तसं नाई—”

“कॅमेऱ्याले कोनी इचारत नाई, तुह्यावर कोनती पाटी ठोकू म्हनून. मले बी कोनी इचारलं नव्हतं. जल्मलो तवाच ठोकली. आता मी सोताच्या हातानं काढली अन् सोताच्या हातानं दुसरी लावून राहिलो. तुले त्यात काई होत नसन. मले होते.”

वासुभाऊंच्या दोन्ही हातांत दोन कॅमेरे तसेच राहिले.

तरी एवढ्यावर मोडलं नसतं. मोडलं ते नंतर, सवयीनं. वासुभाऊंच्या तोंडून पुन्हा पुन्हा ‘पुंडलिक’च निघायचं. चार वेळा चूक होणं समजू शकतं. पण चुकल्यावर ते म्हणत, “आता तोंडाले तेच बसलं, का करतं?” आणि हसत. एक दिवस पुंडलिकराव, म्हणजे आनंदराव, म्हणाले की आपण वेगळं होऊ. अकोल्याला त्यांच्या बायकोचं माहेर होतं.

वाटणी दिवसाढवळ्या दुकानाच्या मागच्या पडवीत झाली. मी वरून बघत होते. पेटीतले कॅमेरे एक याच्या बाजूला, एक त्याच्या बाजूला असे ठेवले जात होते. वासुभाऊंच्या मनात असावं की मित्राला चांगले चांगले जावेत. एकेक उचलून ते निरखत होते. पण निवडायला काही नव्हतंच. सगळे सारखे. शेवटचा कॅमेरा ठेवून झाल्यावर आनंदराव म्हणाले, “येतो.” वासुभाऊ म्हणाले, “जेवून जाय.” ते थांबले नाहीत.

पुढचा महिनाभर वासुभाऊंनी घरच्यांना आणि मला वैताग आणला. कॅमेऱ्याला नाव हवं होतं. “बाई, तुमी मराठी शिकवता. सांगा एखादं.” मी ‘नयन’ सुचवलं. ते म्हणाले, चष्म्याचं दुकान वाटते. मी ‘प्रतिमा’ म्हटलं. त्या नावाची त्यांची एक चुलत सून होती आणि तिच्याशी बोलणं बंद होतं. ‘चंद्रिका’ म्हटलं तर म्हणाले, साबण वाटते. उठता बसता नावं. एका दुपारी वच्छलाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “तुमी त म्हने नावानं काई होत नाई. मंग काऊन एवढा इचार करून राहिले?”

वासुभाऊ भिंतीला टेकून बसले. त्यांना इतका वेळ गप्प मी पहिल्यांदाच पाहत होते.

“ठेवा कपिला,” वच्छलाबाईंनाच मग दया आली. “माह्या माहेरच्या गाईचं नाव व्हतं. मोठी गरीब. कोनीबी दूध काढावं.”

अशी ‘कपिला’ जन्मली. भांड्यांवर नावं घालणाऱ्या कासाराकडून वासुभाऊंनी पितळेच्या बारीक पट्ट्यांवर ते नाव कोरून घेतलं. नवरीच्या घागरीवर घालतात तसल्याच अक्षरांत. काळा डबा आणि त्यावर पितळी कपिला. लोक आधी हसले, मग त्यांना ते आवडलं. वापरायला सोपा, मोडायला कठीण. लग्नसराईत, शाळांच्या सहलींत, जत्रेत कपिला दिसू लागली. लोक त्यांना कपिलावाले म्हणायला लागले आणि ते खुलले.

आनंदरावांनी अकोल्याला आधी कुणाच्या तरी स्टुडिओत नोकरी केली. त्यांच्या वाट्याचे कॅमेरे पेटीत, घरीच पडून होते. वर्ष-दीड वर्षानं, पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांनी स्वतःचं दुकान काढलं आणि कॅमेरे विकायला ठेवले. त्यावर नाव होतं ‘सारनाथ’. मूर्तिजापूरचं एक गिऱ्हाईक तो घेऊन वासुभाऊंकडे रीळ घालायला आलं. वासुभाऊंनी तो हातात घेतला, कानाशी धरला, डोळे मिटले, खटका दाबला.

“कसा काय हाये, भाऊ?” गिऱ्हाइकानं विचारलं.

“चांगला हाये,” वासुभाऊ म्हणाले. आणखी एकदा खटका दाबून त्यांनी तो परत दिला.

नेमक्या त्याच पावसाळ्यात कपिलेच्या तक्रारी सुरू झाल्या. फोटोच्या एका कडेनं पांढरा पट्टा यायचा, धुकं शिरल्यासारखा. वासुभाऊ आधी रिळाला दोष देत, मग धुणाऱ्याला, मग काढणाऱ्याच्या हाताला. पण पट्टे वाढत गेले. उघडून पाहिलं तेव्हा कळलं. मागच्या झाकणाच्या खाचेत उजेड अडवायला मऊ कापडाची पट्टी चिकटवलेली होती. तिचा डिंक थंड मुलखातला. वऱ्हाडातल्या दोन मे महिन्यांनी तो पातळ केला होता, पट्टी सरकली होती आणि फटीतून ऊन आत जात होतं.

गावात बोभाटा झाला, ‘कपिला गळते’. त्याला जोडून दुसरं वाक्य आलंच, ‘सारनाथ घ्या, सारनाथ गळत नाही.’ माझ्या शाळेतल्या शिक्षिकासुद्धा वाद घालत. अकोल्याच्या म्हणत, आमचा माल अस्सल, तुमच्या ढोल्यांचा नकली. अमरावतीच्या तावातावानं कपिलेची बाजू घेत. दोन्ही एकाच पेटीतून निघाले आहेत हे मला माहीत होतं. पण ते सांगणं माझं काम नव्हतं.

सारनाथ गळत नव्हता, कारण दोन्ही उन्हाळे तो पेटीत, गवतात गुंडाळलेला होता; इथलं ऊन त्यानं अजून पाहिलंच नव्हतं. वासुभाऊंना हे समजलं होतं. संध्याकाळी दुकानाच्या बाकावर बसणारी त्यांची दोस्तमंडळी तेच बोलायची.

“मे मईना येऊ द्या, भाऊ. त्याचा बी गळन. मंग समजन लोकाइले.”

“येऊ द्या मे,” वासुभाऊ म्हणायचे. दिवाळीची वाट बघावी तशी ते उन्हाळ्याची वाट बघत होते. आपल्यावर हसणारं सगळं गाव गप्प होईल, हे त्यांना गोड लागत होतं. मी त्यांना दोष देत नाही. महिनोन् महिने रोज चार माणसं येऊन आपल्या मालाला नावं ठेवतात तेव्हा कोण साधू राहतो?

फाल्गुनात चांदूरकडचा एक तरुण शेतकरी आला. बहिणीच्या लग्नासाठी त्यानं कपिला घेतली होती. त्यानं फोटो काउंटरवर ओळीनं मांडले. हळदीचा, मांडवातला, पाठवणीचा. पट्टा प्रत्येकात डाव्या कडेनं आलेला, आणि नवरी प्रत्येक फोटोत डावीकडंच उभी. हळदीत दोन हात दिसत होते, चेहऱ्याच्या जागी पांढरं.

तो भांडायला आला नव्हता. “भाऊ, हे पांढरं धुऊन निघन का?” एवढंच त्यानं विचारलं.

“नाई निघत, बापा,” वासुभाऊ म्हणाले. “बैनीले घेऊन ये. मी इथं काढतो तिचा फोटो, चांगला.”

“काढता येईन. पन ते हळदीतलं आता कोठून येईन?”

वासुभाऊ फोटो बघत राहिले. मुलानं ते गोळा केले. जाता जाता तो वळला. “भाऊ, माही मावशी अकोल्याले असते. मे मईन्यात तिच्या पोराचं लगन हाये. सारनाथ घेऊ म्हनते. तो बरा हाये का?”

बाकावरची मंडळी वासुभाऊंकडे बघायला लागली. आयुष्यभर बोलून टाकणारा हा माणूस तोंड उघडून तसाच बसला.

“पाहून सांगतो,” ते शेवटी म्हणाले. “दोन दिस थांबाले सांग तिले.”

त्यानंतर दुकानात दुसरं काम झालं नाही. वासुभाऊ एक कपिला उघडून बसले. आनंदरावांसारखे हात त्यांचे नव्हते. बोटं जाडी, पेचकस सटकायचा. मखमलीची पट्टी लावून पाहिली, झाकण बसेना. कांबळ्याचा तुकडा लावला, त्याचे धागे भिंगावर आले. शेवटी वच्छलाबाईंनी कौंडण्यपूरच्या जत्रेतून पुतण्यांसाठी आणलेली काळ्या करदोड्यांची जुडी होती, तिच्यातला एक घेऊन त्यांनी खाचेत घातला. बरोब्बर बसला. सुताराच्या चपडीनं, म्हणजे पातळ लाखेनं, तो पक्का केला आणि कॅमेरा फुटाणे भाजणाऱ्याच्या भट्टीशेजारी दिवसभर ठेवला. संध्याकाळी आणून बघितला तर करदोडा जागचा हलला नव्हता.

“बाई, तुमी अकोल्याले पेपर तपासाले जानार न?” त्यांनी मला विचारलं. “मी बी येतो.” मग आवाज खाली आणायचा प्रयत्न करत म्हणाले, “तुमी दुकानापावेतर सोबत चाला. तुमच्यापुढं तो शिव्या नाई देनार.”

“आनंदराव शिव्या देत नाहीत,” मी म्हटलं.

“तेच त भेव हाये.”

बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अकोल्याला उतरलो. टिळक रोडच्या एका आडगल्लीत दुकान होतं, छोटं, नीटनेटकं. आत खिडकीशीच बसले होते आनंदराव. चष्मा लागला होता. त्यांनी वर पाहिलं, उठले आणि म्हणाले, “या ढोलेसाहेब. या बाई. बसा.”

‘ढोलेसाहेब’ ऐकून वासुभाऊंना थप्पड बसल्यासारखं झालं. ते बसले नाहीत. त्यांनी पिशवीतून कपिला काढली आणि झाकण उघडून काउंटरवर ठेवली.

“पट्टी पाहा.”

आनंदरावांनी पाहिली. मग फळीवरचा सारनाथ काढला, त्याचं झाकण उघडलं, पट्टीवर नख दाबलं. ती पक्की होती.

“यंदाच्या मे मईन्यात ढिली व्हईन,” वासुभाऊ म्हणाले. “नाई त पुढच्या. डिंक कच्चा हाये. आमची गळाली, तुमचा बी गळन. हे करदोडे आनले, अन् हे चपडी. याच्यानं बसते. भट्टीजवळ ठेवून पाह्यलं.”

आनंदराव करदोड्यांच्या जुडीकडे बघत राहिले.

“हे सांगाले आले?”

“हो.”

“नाई सांगतलं असतं त तुमाले बरं झालं असतं.”

“झालं असतं,” वासुभाऊ म्हणाले. “पन लोकाइच्या लग्नातले फोटो जातेत, पुं—”

ते थांबले. अर्धं नाव तोंडातून निघालं होतं. मी खाली बघितलं. वासुभाऊंनी ओठ घट्ट मिटले, त्यांचं सगळं तोंड लाल झालं. मग एखादा जड पाट उचलावा तसं त्यांनी नाव उचललं.

“आनंदराव.”



“राव नका लावू,” आनंदराव म्हणाले. “नुसतं आनंद म्हना.” त्यांनी जुडी सोडली, एक करदोडा बोटांत धरून ताणून पाहिला. “आमी पोराइच्या कमरेले बांधनं सोडलं हे. आता कॅमेऱ्याइले बांधू.”

वासुभाऊ इतक्या मोठ्यांदा हसले की समोरचा शिंपी बाहेर आला. मग ते खुर्चीवर बसले. दोघांनी मिळून दोन-तीन सारनाथ उघडले. आनंदरावांचे हात भराभर चालत होते, वासुभाऊ चपडीची बाटली धरून होते. पाणी आलं, चहा आला. मला वाटलं, सगळं पूर्ववत झालं. निघायची वेळ आली तेव्हा आनंदराव म्हणाले, “एक सांगू?”

“सांग न.”

“ते माठाचं आता लोकाइले सांगत जाऊ नको.”

वासुभाऊंना खरंच समजलं नाही. “काऊन? चांगलं त सांगतो मी.”

“तुह्यं चांगलं सांगतं. माहं नाई. दोन मानसं एका माठातून पानी पितेत, यात सांगन्यासारखं का हाये? तू सांगत होता न, त दर वक्ती त्या गिऱ्हाइकाले नव्यानं समजत होतं का मी कोन हावो.”

हे ते अगदी शांतपणे बोलले. कपाळावर आठीसुद्धा नव्हती. कितीतरी वर्षं तयार असलेलं वाक्य माणूस असंच बोलतो.

मला पेपर तपासायला राहायचं होतं म्हणून मी स्टेशनपर्यंत वासुभाऊंना सोडायला गेले. फलाटावर ते बाकावर बसून होते, टोपी हातात. चहावाला दोनदा येऊन गेला, त्यांनी पाहिलं नाही.

“बाई,” ते म्हणाले, “मी सांगत होतो अन् तो तिथंच खिडकीशी बसून ऐकत होता. रोज. मले वाटे त्याले बी बरं वाटत असन.”

मीही त्या जिन्यावरून ते ऐकलंच होतं, आणि मलाही ते चांगलंच वाटलं होतं. गाडी आली.

नंतर दोघं पुन्हा भागीदार झाले नाहीत. आनंदराव अकोल्यालाच राहिले, वासुभाऊ अमरावतीला. पण कपिला असो की सारनाथ, कुठल्याही दुकानात न्यावा आणि पट्टी बदलून घ्यावी, असं दोघांनी जाहीर करून टाकलं. लोकांना त्याचंही आश्चर्य वाटलं. आपला कॅमेरा वरचढ ठरवणारे वाद मात्र थांबले नाहीत. सारनाथवाल्याला कपिलेचा फोटो पिवळट दिसायचा, कपिलावाल्याला सारनाथचा खटका कर्कश लागायचा. वासुभाऊ ऐकून घेत. कुणी अगदीच खोदून विचारलं तर म्हणत, “दोन्ही चांगले. ज्याचं त्यानं नाव ठेवलं.” दुकानात नव्या माणसाला ते आता दुसरं काही दाखवायचे, फळीवरचा एखादा कॅमेरा, भिंतीवरचा एखादा फोटो. माठ कोपऱ्यात होता तिथंच होता. तहान लागली की लोक उठून पाणी प्यायचे.

दोन्ही पेट्या संपल्या, नवे कॅमेरे आले. बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास माझी बदली वाशीमला झाली आणि ती खोली सुटली. वासुभाऊंनी निरोपाचा म्हणून माझा फोटो काढला. तो माझ्याकडे आहे. त्यात मी कशाला तरी ‘हो’ म्हणते आहे.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते बऱ्याच वर्षांनी, पातूरला. शाळेची सहल घेऊन गेले होते. पातूरच्या लेण्यांशी पोचलो तेव्हा मुली नेहमीप्रमाणे ओरडत पुढे धावल्या आणि दाराशी एकदम थबकल्या. मी मागून पोचले. आत अंधारात तिकाटण्यावर मोठा कॅमेरा लावलेला होता आणि त्याच्यामागे आनंदराव उभे होते, हातातल्या घड्याळाकडे बघत. बाहेरून वाकडातिकडा येणारा उजेड अडवायला वासुभाऊ दाराशी उभे होते. खूप थकले होते. धोतर ढगळ झालं होतं, मान पुढे आली होती. एका हातानं त्यांनी काळी चादर धरली होती आणि दुसरा हात मुलींकडे करून वर उचललेला होता, थांबा म्हणून.

आतला अंधार कॅमेऱ्यात उतरायला वेळ लागतो, हे मला त्या दुकानात राहून माहीत झालं होतं. तेवढा वेळ काही हलता कामा नये. मुलींना काय कळलं कोण जाणे, पण त्या गप्प उभ्या राहिल्या. वासुभाऊंनी मला पाहिलं. ओळखलं. डोळे हसले. ज्या माणसाचा आवाज फळ्यांतून वर यायचा, तो श्वाससुद्धा जपून घेत होता.

खाली रस्त्यावर बसचा भोंगा वाजायला लागला. ड्रायव्हरला अकोल्याला वेळेत पोचायचं होतं. मी मुलींना खूण केली आणि आम्ही चपला हातात घेऊन, पायांचा आवाज न करता उतरलो. वळणावरून मागे पाहिलं. लेण्याच्या काळ्या दारात तो हात अजून वरच होता.